क्षयनिर्मूलन : औषध शासनाचे, भाकरी कोणाची?

२०२५ अखेर देशातून क्षयरोगाचे उच्चाटन करण्याचा संकल्प केंद्र शासनाने २०१८ च्या मार्चमध्ये दिल्लीत सोडला, तेव्हा जगाने स्वतःसाठी ठरवून घेतलेल्या २०३० या मुदतीच्या पाच वर्षे आधीच भारत हे कार्य सिद्धीस नेईल, असा विश्वास व्यक्त करण्यात आला होता. मुदत आली, रोग मात्र गेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे, २०१५ साली भारतात दर लाख लोकसंख्येमागे २३७ जणांना नव्याने क्षय जडत होता. २०२४ साली ते प्रमाण १८७ वर आले. ही घट २१ टक्क्यांची आहे आणि जगाच्या सरासरी घटीपेक्षा ती अधिक आहे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु राष्ट्रीय आराखड्याने ठरवलेली घट ८० टक्क्यांची होती. आजही जगातील दर चार क्षयरोग्यांमागे एक भारतीय आहे आणि या देशात दरसाल सुमारे ३ लाख माणसे या रोगाला बळी पडतात.

संकल्प मोठा असावा आणि सिद्धी लहान असावी, यात नवल काही नाही. नवल आहे ते निराळेच. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जगापुढे मांडला. त्यावर लागू पडणारी औषधे १९४३ पासून एकामागून एक हाती येत गेली. सहा महिन्यांत रोग बरा करणारी उपचारपद्धती सिद्ध होऊन चार दशकांहून अधिक काळ लोटला आणि ती औषधे सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतात. ज्या रोगाचे कारण ठाऊक आहे, औषध उपलब्ध आहे आणि त्या औषधाला पैसे पडत नाहीत, तो रोग हटत नसेल, तर उणीव प्रयोगशाळेत आहे की प्रयोगशाळेच्या बाहेर, हा प्रश्न विचारणे क्रमप्राप्त ठरते.

जंक्शनवरून दिसणारा रोग

या प्रश्नाचे उत्तर दिल्लीपेक्षा कुर्डुवाडीहून अधिक स्पष्ट दिसते. मुंबई-सोलापूर या मुख्य लोहमार्गावरील हे जंक्शन. १८९७ साली येथून बार्शीपर्यंत बार्शी लाईट रेल्वेची अडीच फुटी अरुंद गाडी धावू लागली. १९०६ साली ती पंढरपुरास पोहोचली, १९११ साली लातुरास आणि १९२७ साली मिरजेस. अरुंद रूळ जाऊन आता तेथे रुंद रूळ आले आहेत, परंतु मार्गाची दिशा तीच आहे. एका टोकाला लातूर, म्हणजे तुरीच्या डाळीची मोठी बाजारपेठ. दुसऱ्या टोकाला मिरज, जेथील मिशन इस्पितळाची कीर्ती दूरवर होती आणि जवळच्या वॉनलेसवाडीत क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम होते. मराठवाड्यातील रोग्याला मिरजेकडे जाण्याची वाट कुर्डुवाडीवरून होती. एका टोकाला अन्न, दुसऱ्या टोकाला उपचार, आणि मधून रोगी प्रवास करतो आहे: क्षयाच्या प्रश्नाची सारी रूपरेषा या एका लोहमार्गावर जणू आखून ठेवलेली आहे.

माढा तालुक्याचा व भोवतालचा बराचसा भाग आता उजनीच्या पाण्यावर उसाचा झाला आहे. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होण्याच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून तोडणी कामगारांच्या टोळ्या या परिसरात उतरतात. हंगाम चालतो पाच ते सहा महिने आणि क्षयाचा उपचारही चालतो सहा महिने. या दोन कालावधींची गाठ पडते, तेव्हा काय होते हे पाहण्यासारखे आहे. तोडणीची मजुरी नवरा-बायकोच्या जोडीवर ठरते. त्या जोडीला 'कोयता' म्हणतात आणि त्या कोयत्यावर मुकादमाने हंगामाआधीच उचल दिलेली असते. जोडीतील एक जण आजारी पडला, तर कोयता अर्धा होतो. कामावर न गेलेल्या दिवसाचा खाडा धरला जातो आणि उचल फिटेपर्यंत फडातून सुटका नसते. अशा कामगाराला दोन आठवड्यांहून अधिक दिवस खोकला येत असेल, तर तो दवाखान्यात का जात नाही, याचे उत्तर अज्ञान या शब्दात शोधणे म्हणजे त्याच्यावर अन्याय करणे होय. खोकला लपवणे हा त्याच्या दृष्टीने हिशेबाचा निर्णय असतो. आणि त्याच्या हाती असलेल्या आकड्यांवरून पाहता तो हिशेब चुकीचाही नसतो.

राष्ट्रीय पातळीवरचा पुरावाही याला दुजोरा देतो. २०१९ ते २०२१ या काळात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने जे देशव्यापी सर्वेक्षण केले, त्यात क्षयाची लक्षणे असलेल्यांपैकी सुमारे ६४ टक्के लोकांनी कोठेही उपचार घेतलेला नव्हता, असे आढळले. सुमारे साठ वर्षांपूर्वी, १९६३ साली, बंगलोरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतील देबाबर बॅनर्जी आणि अँडरसन यांनी केलेल्या अभ्यासात चित्र थोडे वेगळे होते. त्या वेळी सुमारे निम्मे रोगी आपण होऊन दवाखान्याची पायरी चढले होते. खोकल्याचे औषध घेऊन त्यांना परतावे लागले होते. तेव्हा दवाखाना रोग्याला ओळखत नव्हता. आज रोगीच दवाखान्याकडे फिरकत नाही. तपासणीची साधने या काळात कितीतरी सुधारली. रोग्याचा दिवस बुडण्याची किंमत मात्र कोणी कमी केली नाही.

मद्रासचा प्रयोग आणि त्याचे अर्धे वाचन

क्षयावरील भारतीय संशोधनाचा इतिहास गौरवास्पद आहे. किंबहुना साऱ्या जगाची उपचारपद्धती बदलून टाकणारा एक प्रयोग भारतात झाला, याचे स्मरण फारसे कोणाला उरलेले नाही. १९५० च्या दशकात क्षयावर उपचार म्हणजे आरोग्यधामातील खाट, विश्रांती, मोकळी हवा आणि सकस आहार, असे समीकरण रूढ होते. भारतातील रोग्यांची संख्या लक्षात घेता तेवढ्या खाटा उभारणे अनेक पिढ्यांतही शक्य नव्हते. १९५६ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास शासन, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून मद्रासमध्ये एक केंद्र स्थापन केले आणि वॉलेस फॉक्स यांच्या नेतृत्वाखाली एक साधा प्रश्न हाती घेतला. एकच औषधयोजना काही रोग्यांना आरोग्यधामात आणि काही रोग्यांना त्यांच्या घरी दिली, तर फरक किती पडतो?

१९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा वैद्यकजगताला धक्का बसला. मद्रासच्या गरीब वस्त्यांतील दाटीवाटीच्या खोल्यांत राहणारे, अपुरे खाणारे आणि पुरेशी विश्रांतीही न मिळणारे रोगी आरोग्यधामातील रोग्यांइतकेच बरे झाले होते. घरी उपचार घेणाऱ्यांच्या कुटुंबीयांना त्यामुळे रोगाचा अधिक धोका पोहोचला, असेही दिसले नाही. या एका प्रयोगाने जगभरची आरोग्यधामे हळूहळू ओस पडली. भारताचा १९६२ चा राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम घरगुती उपचाराच्या पायावर उभा राहिला. लक्षावधी गरिबांना औषध मिळण्याचा मार्ग त्यामुळे खुला झाला. त्या संशोधकांचे हे ऋण मोठेच आहे.

तथापि धोरणकर्त्यांनी या प्रयोगाचे वाचन अर्धेच केले. योग्य औषध नियमित घेतले, तर अपुरा आहार रोग बरा होण्याच्या आड येत नाही, एवढेच मद्रासने सिद्ध केले होते. त्यावरून आहाराचा आणि क्षयाचा संबंध नाही, असे अनुमान निघत नव्हते. रोग्याशेजारी झोपणाऱ्या, त्याच ताटातील अपुरे अन्न खाणाऱ्या मुलाबाळांना पुढे रोग का होतो आणि तो टाळता येईल का, हा प्रश्न त्या प्रयोगाने विचारलाच नव्हता. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर न विचारलेल्या प्रश्नालाही लागू केले गेले. औषध देणे हे शासनाचे काम आणि जेवण हे ज्याचे त्याने पाहावे, अशी वाटणी होऊन बसली. रोग्याच्या आहारासाठी देशभर थेट पैसे देणारी निक्षय पोषण योजना सुरू होण्यास २०१८ चा एप्रिल उजाडावा लागला. दरमहा ५०० रुपयांची ती रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाली. ती मिळते फक्त रोग्याला.

लशीची वाट

अन्नाचा प्रश्न बाजूला ठेवण्यामागे आणखी एक आशा होती, ती लशीची. रोग्याच्या घरच्यांना रोगापासून वाचवायचे तर लस हाच राजमार्ग, असे मानणे स्वाभाविक होते. बीसीजी ही लस १९२१ साली पॅरिसमध्ये प्रथम टोचण्यात आली. लहान मुलांना होणाऱ्या मेंदूच्या व सर्वांगभर पसरणाऱ्या क्षयापासून ती चांगले संरक्षण देते, म्हणून आजही ती जन्मतःच टोचली जाते. परंतु फुप्फुसाच्या क्षयावर तिचा उपयोग किती, हे पाहण्यासाठी १९६८ साली मद्रासजवळच्या चिंगलपेट भागात अडीच लाखांहून अधिक लोकांवर प्रचंड चाचणी हाती घेण्यात आली. १९७९ च्या सुमारास जे निष्कर्ष पुढे आले, त्यांत प्रौढांना संरक्षण मिळाल्याचे आढळले नाही. क्षयाच्या जंतूचे अनेक निरुपद्रवी भाऊबंद माती-पाण्यात असतात. त्यांच्याशी लहानपणापासून संबंध आल्याने लशीचा वेगळा परिणाम झाकला जात असावा, अशी एक उपपत्ती त्यानंतर पुढे आली. कारण काहीही असो, लशीवर विसंबून राहण्याचा मार्ग तेथे खुंटला.

याच जंतुकुलातील दुसरा शत्रू म्हणजे कुष्ठरोगाचा जंतू. त्याच्या बाबतीत मुंबईने केलेले काम मराठी वाचकांनी आवर्जून लक्षात ठेवावे असे आहे. परळच्या भारतीय कॅन्सर संशोधन केंद्रात १९५८ साली सी. व्ही. बापट, कमल रणदिवे आणि वसंतराव खानोलकर यांनी कुष्ठरोग्याच्या गाठीतून एक जंतू वाढवला. त्या संस्थेच्या नावावरून तो आयसीआरसी जंतू म्हणून ओळखला जातो. १९७९ च्या सुमारास डॉ. माधव देव यांच्या नावाशी निगडित असलेल्या संशोधनातून त्याची लस तयार झाली. दक्षिण भारतातील तुलनात्मक चाचणीत ह्या लशीने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचे १९९८ साली नोंदले गेले. त्याच चाचणीत बीसीजीचे संरक्षण सुमारे ३४ टक्के होते. इतके होऊनही ती लस सार्वत्रिक कार्यक्रमात आली नाही. शोध लागणे ही एक गोष्ट आणि तो शोध गरजूच्या दारापर्यंत पोहोचणे ही दुसरी गोष्ट, हा धडा या कथेत आहे.

संशोधन थांबलेले नाही. २०१९ पासून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने क्षयरोग्यांच्या घरातील बारा हजारांहून अधिक व्यक्तींवर दोन लशींची चाचणी केली. तिच्या केंद्रांत महाराष्ट्राचाही समावेश होता. एम-७२ नावाच्या लशीने आधीच्या चाचणीत सुमारे ५० टक्के संरक्षण दाखवल्यानंतर मार्च २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत तिच्या अंतिम टप्प्याला प्रारंभ झाला. औषधांच्या आघाडीवरही हालचाल आहे. २०१२ च्या प्रारंभी मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी, तपासलेल्या एकाही औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे रोगी प्रसिद्धीस आणले, तेव्हा केवढी खळबळ उडाली होती! अशा दुर्धर क्षयावरील बेडाक्विलिन या औषधाच्या पेटंटची मुदत वाढवून घेण्याचा मूळ कंपनीचा अर्ज मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने फेटाळला. त्या अर्जाला हरकत घेणाऱ्यांत मुंबईच्या नंदिता वेंकटेशन होत्या. क्षयाच्या उपचारातील औषधामुळे त्यांची श्रवणशक्ती गेली होती. हे सारे मोलाचे आहे. परंतु लस येईल तेव्हा येईल. तोपर्यंत रोग्याच्या घरातील पुढच्या माणसाला वाचवण्याचे दुसरे साधन नाहीच का?

झारखंडचे उत्तर

ते साधन आहे, असे २०२३ च्या ऑगस्टमध्ये सिद्ध झाले. डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेतील व इतर सहकाऱ्यांसह झारखंडच्या चार जिल्ह्यांत केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आणि त्याच्या भगिनी-नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २,८०० रोग्यांच्या घरातील १०,३४५ माणसांचे दोन गट करण्यात आले. रोग्याला दरमहा सुमारे १० किलो शिधा दोन्ही गटांत मिळत होता. एका गटात मात्र घरातील इतरांनाही, प्रत्येक प्रौढामागे दरमहा ५ किलो तांदूळ आणि दीड किलो तूरडाळ, सोबत जीवनसत्त्वांच्या गोळ्या, असे सहा महिने देण्यात आले. त्यानंतर या माणसांवर लक्ष ठेवण्यात आले.

ज्या घरांत इतरांना शिधा मिळाला नव्हता, तेथील ४,७२४ जणांपैकी १२२ जणांना क्षय झाला. ज्या घरांत तो मिळाला, तेथील ५,६२१ जणांपैकी ९६ जणांना झाला. सर्व बाबींचा हिशेब करून संशोधकांनी सांगितले की, शिध्यामुळे घरच्यांतील क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी आणि त्यातील संसर्गजन्य क्षयाचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटले. रोग्यांच्या बाबतीतही एक गोष्ट दिसून आली. उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन ५ टक्क्यांनी वाढले, त्यांच्यातील मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी होता. भात आणि वरण यांनी हे साधले. या पदार्थांवर कोणाचे पेटंट नाही.

या प्रयोगावर काही आक्षेप घेता येतील आणि ते विचारात घेतलेच पाहिजेत. झारखंडमधील ती कुटुंबे अतिशय कुपोषित होती. सोलापूर जिल्ह्यातील सरसकट सर्व घरांना तेवढाच लाभ होईल, असे गृहीत धरणे शास्त्राला धरून होणार नाही. सुस्थितीतील घरात क्षय येतो तो मधुमेहाच्या, तंबाखूच्या किंवा मद्याच्या वाटेने. तेथे डाळ देऊन भागणार नाही. परंतु उसाच्या फडातील कोपीत, बाजारातील हमालाच्या घरात, विडी वळून पोट भरणाऱ्या बाईच्या खोलीत जो क्षय येतो, त्याची वाट झारखंडातील क्षयाच्या वाटेहून निराळी नाही. भारतात क्षयाला पोषक ठरणाऱ्या कारणांत कुपोषणाचा वाटा सर्वांत मोठा मानला जातो. इंग्लंडमध्ये क्षयाने होणारे मृत्यू औषधांच्या कितीतरी आधीपासून घटू लागले होते. त्याचे श्रेय सुधारलेल्या आहाराला द्यावे, असे थॉमस मॅककीऑन यांनी १९७० च्या दशकात मांडले. त्या मतावर पुढे पुष्कळ वाद झाला, कारण त्यांच्याजवळ होता तो केवळ इतिहासाचा आलेख. झारखंडच्या प्रयोगाने त्या वादाला प्रत्यक्ष मापनाची जोड दिली आहे.

दुसरा आक्षेप असा की, धान्यापेक्षा रोख पैसे द्यावेत, म्हणजे कुटुंब आपल्या गरजेप्रमाणे खर्च करील. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात हा युक्तिवाद शोभून दिसतो. परंतु ज्या घरावर मुकादमाची उचल आहे आणि किराणा दुकानाची उधारी आहे, त्या घरात आलेल्या रोख रकमेवर पहिला हक्क धनकोचा असतो. डाळीवर तो सहसा पोहोचत नाही.

हिशेब किती होतो?

आता खर्चाचा विचार. रोग्याच्या घरात आणखी चार प्रौढ आहेत असे धरले, तर सहा महिन्यांचा शिधा १२० किलो धान्य आणि ३६ किलो डाळ इतका होतो. सोलापूरच्या मातीतले धान्य म्हणून तांदळाऐवजी ज्वारी घेतली आणि २०२५-२६ चा क्विंटलला सुमारे ३,७०० रुपयांचा हमीभाव धरला, तर ज्वारीचे साडेचार हजारांच्या आत भागते. ३६ किलो डाळीसाठी सुमारे ५० किलो तूर लागेल. ८,००० रुपयांच्या हमीभावाने तिचे ४,००० रुपये होतात. भरडाई, पोती, वाहतूक असे सर्व धरून एका कुटुंबामागे १०,००० रुपये खर्च येईल. महाराष्ट्रात दरसाल दोन लाखांहून अधिक क्षयरोग्यांची नोंद होते. म्हणजे नेहमीच्या रेशनवर वाढीव म्हणून हा शिधा सर्व घरांना द्यावयाचा झाला, तरी वर्षाचा खर्च २०० कोटींच्या आसपास राहील. २०२४ साली सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेत दोन कोटी स्त्रियांना दरमहा १,५०० रुपये द्यावयाचे, तर एका महिन्याचे ३,००० कोटी होतात. त्या एका महिन्याच्या खर्चाचा पंधरावा भाग म्हणजे क्षयरोग्यांच्या घरांचा वर्षाचा शिधा! त्या योजनेच्या गुणदोषांची चर्चा हे येथील प्रयोजन नाही. राज्याला हे परवडत नाही, असे म्हणण्याची सोय उरत नाही, एवढेच या तुलनेतून दाखवायचे आहे.

शिवाय हा खर्च दानधर्माचा नाही. एका घरातील संसर्गजन्य क्षय टळला, तर लाभ त्या घराएवढाच राहत नाही. तो शेजाऱ्याला, शाळेतील बाकावर शेजारी बसणाऱ्या मुलाला आणि रेल्वेच्या डब्यातील अनोळखी सहप्रवाशालाही मिळतो. ज्या वस्तूचा लाभ घेणाऱ्यापलीकडे पसरतो, ती बाजारावर आणि व्यक्तीच्या ऐपतीवर सोडली, तर समाजाला हवी त्याहून कमी निर्माण होते, हे अर्थशास्त्रातील प्राथमिक तत्त्व आहे. लशीला हे तत्त्व आपण विनातक्रार लावतो. डाळीला लावताना मात्र संकोच होतो, कारण डाळ आपल्या रोजच्या ओळखीची आहे.

शासनाने या बाबतीत काहीच केले नाही, असे नाही. सप्टेंबर २०२२ पासून दानशूर व्यक्ती व संस्थांनी 'निक्षय मित्र' होऊन रोग्याला शिध्याची टोपली द्यावी, अशी योजना आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये रोग्याच्या कुटुंबीयांनाही तिच्या कक्षेत घेण्याचे जाहीर झाले. झारखंडच्या प्रयोगाचा बोध शासनाला झाला आहे, याचेच हे द्योतक होय. परंतु दात्याच्या मनावर अवलंबून असलेली टोपली ही योजना असली, तरी हक्क नव्हे. दाते शहरांत जास्त असतात, गरजू फडात. दात्याचा उत्साह ओसरला, तर रोग्याने दाद कोणाकडे मागावी? पुरवठा विस्कळीत झाला की काय होते, हे औषधांच्या बाबतीतही दिसून आले आहे. मार्च २०२४ मध्ये क्षयाच्या औषधांची टंचाई भासू लागली, तेव्हा केंद्राला ती स्थानिक पातळीवर खरेदी करण्याची मुभा राज्यांना द्यावी लागली. औषधाची गोळी चुकली तर शासनाला निदान जाब विचारता येतो. टोपली आली नाही, तर तेवढाही आधार नाही.

महाराष्ट्राला ही गोष्ट अपरिचित नाही

मदतीचे हक्कात रूपांतर कसे करावे, याचा पाठ महाराष्ट्रानेच देशाला दिला आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांना काम मिळाले, ते वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेतून. ती कल्पना केवळ दुष्काळी कामांपुरती राहिली नाही. तिचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. त्यासाठी पैसा उभा करण्यास १९७५ साली व्यवसाय कर बसवण्यात आला. आजही शिक्षकाच्या, कारकुनाच्या पगारपत्रकात दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये अशी जी कपात दिसते, ती हीच. पगारदाराने वर्षाला काही रक्कम द्यावी आणि त्यातून दुष्काळी भागातील मजुराला कामाचा हक्क मिळावा, ही त्या कायद्यामागील समजूत होती. सोलापूर जिल्ह्याने तिचा अर्थ इतरांपेक्षा अधिक अनुभवला आहे.

त्याच धर्तीवर क्षयरोग्याच्या घराला शिध्याचा हक्क कायद्याने देता येईल. निदान झाल्याची नोंद संगणकावर होतेच. त्याच नोंदीवरून घरातील माणसांची नावे रास्त भाव दुकानाकडे जावीत आणि देशात कोठेही धान्य उचलण्याची जी सोय शिधापत्रिकेला आता आहे, ती या शिध्यालाही असावी. म्हणजे बीडमध्ये उपचार सुरू झालेल्या तोडणी कामगाराला त्याचा शिधा फडाजवळच्या गावात मिळेल आणि शिध्यासाठी येणारा माणूस गोळ्यांसाठीही दवाखान्याशी बांधलेला राहील. कारखान्याने आजारी कामगाराचा खाडा माफ करावा आणि मुकादमाची त्या काळातील वसुली थांबवावी, अशी तरतूद त्यास जोडता येईल. खोकला लपवण्याचा जो हिशेब आज कामगाराला परवडतो, तो न परवडणारा करणे, हेच क्षयनिर्मूलनाचे सर्वांत प्रभावी साधन आहे.

अंमलबजावणीच्या अडचणी सांगितल्या जातील. दुकानदार माप मारतील, डाळ निकृष्ट येईल, यादीतून नावे गळतील. या अडचणी खऱ्या आहेत आणि त्यांवर देखरेख ठेवावी लागेल. परंतु एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहर तहानेने व्याकुळ झाले, तेव्हा मिरजेहून पाण्याची गाडी कुर्डुवाडीमार्गेच लातूरला धावली होती. रूळ तयार होते, टाक्या तयार करण्यात आल्या आणि काही दिवसांत पाणी पोहोचले. कारण तहान सर्वांना दिसत होती. क्षयरोग्याच्या घरातील भूक अशी एकत्र येऊन आक्रोश करीत नाही. ती एकेका घरात, एकेका कोपीत गप्प बसलेली असते आणि म्हणून कोणत्याही अधिवेशनात तिच्यावर गदारोळ होत नाही.

मद्रासच्या संशोधकांनी १९५९ साली गरीब रोग्याला आरोग्यधामातून घरी पाठवले, ते त्याच्या घरावर विश्वास ठेवून. त्या घरातील चूल पेटती राहील की नाही, हे पाहण्याचे काम त्यांनी पुढच्यांवर सोपवले होते. झारखंडच्या संशोधकांनी २०२३ साली त्या चुलीचे मोल आकड्यांत मांडून दाखवले. शास्त्राने आपला वाटा उचलला आहे. नवी मुदत जाहीर करण्यापूर्वी शासनाने आणि विधिमंडळाने आपल्या वाट्याचा हिशेब पुरा करावा. हा विषय विधिमंडळाच्या पटलावर येण्यासाठी, पगारातून दरमहा व्यवसाय कर भरणाऱ्या सुशिक्षित वर्गाने त्याबद्दल आग्रह धरला, तर तो त्याच्या अधिकारात बसतो आणि कर्तव्यातही.